थंडीत किक घेईना, न सांडता कूलंट कमी: डर्ट बाइकच्या दोन दुखण्यांचा एक शोध

तीन महिन्यांत चार स्पार्क प्लग बदलले. सकाळी थंड इंजिनवर तीस-चाळीस किका मारायच्या, घामाघूम व्हायचं, शेवटी कोणीतरी मागून धक्का दिला की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मग दिवसभर एका किकेत चालू. पुढच्या रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याच काळात रेडिएटरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर दोन रविवारांनी चहाच्या अर्ध्या कपाएवढं कमी व्हायचं आणि गाडी उभी करतो तिथली फरशी मात्र कोरडी ठणठणीत असायची.

गाडी अडीचशे सीसीची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, पाच व्हॉल्व्हची मोटोक्रॉस. माझ्याकडे आली तेव्हा दोन मालक होऊन गेले होते. कोल्हापूरबाहेर ओळखीच्या एकांच्या माळावर आम्ही चौघं-पाचजण सराव करतो, तिथेच ती चालते. स्टार्टिंगसाठी मी कार्ब्युरेटरवाल्याकडे जात होतो आणि कूलंटसाठी रेडिएटरवाल्याकडे. दोघांनी आपापलं काम नीट केलं. चूक माझी होती. दोन तक्रारी दोन दुकानांत वाटून दिल्या, त्यामुळे त्या एकत्र अशा कोणी पाहिल्याच नाहीत.

कोणाच्या गाडीला हे लागू पडतं ते आधी सांगतो. यामाहाने १९९८ मध्ये वायझेड ४०० एफ आणली आणि मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोकचं युग सुरू झालं. २००१ मध्ये वायझेड २५० एफ आली, २००४ मध्ये होंडाची सीआरएफ २५० आर, कावासाकीची केएक्स २५० एफ आणि सुझुकीची आरएम-झेड २५०. पुढच्या दहा वर्षांत या सगळ्या टप्प्याटप्प्याने फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आपल्याकडे बंद ट्रॅकवर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांत बऱ्याच याच घराण्यातल्या असतात. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे ३९० ॲडव्हेंचर किंवा हिमालयन ४५० असेल तर कूलंटचा भाग उपयोगी पडेल, पण त्यांत थर्मोस्टॅट, पंखा आणि कूलंटची बाटली असते हे लक्षात ठेवून वाचा. एक्सपल्स २०० ला कूलंटच नाही, ती एअर किंवा ऑइल-कूल्ड आहे.

नवा प्लग टाकला की बरं का वाटतं

हे दुखणं परत परत येतं याचं मोठं कारण प्लगच आहे, पण दोषी म्हणून नव्हे. ओल्या झालेल्या प्लगच्या जागी कोरडा प्लग गेला की गाडी एकदा तरी सुरू होते. आपण म्हणतो, चला, प्लग खराब होता. आठवडाभराने पुन्हा तेच झालं की आपण प्लगच्या कंपनीला, पेट्रोल पंपाला किंवा कॉइलला दोष देतो. मी कॉइलसुद्धा बदलली. कार्ब्युरेटरचं किट टाकलं. प्रत्येक वेळी गाडी पहिले दोन दिवस सुधारली, कारण प्रत्येक वेळी प्लग काढून, पुसून, सुकवून बसवला गेला होता.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती शिवाजी उद्यमनगरात. एका लेथवाल्या काकांकडे रेडिएटरचा वाकलेला ब्रॅकेट सरळ करून घ्यायला गेलो होतो. बोलता बोलता रडगाणं गायलो. काकांनी मशीन बंद केलं आणि एवढंच विचारलं, "प्लग ओला निघतोय म्हणतोस. पण कशानं ओला?"

मला उत्तर देता येईना. मी प्रत्येक वेळी तीस किका मारल्यावर प्लग काढत होतो, तेव्हा तो पेट्रोलने चिंब असणारच.

"उद्या सकाळी किकेला हात लावायच्या आधी काढ," काका म्हणाले, "आणि हुंगून बघ."

घरी कोणालाही, फुकटात करता येणारी ही तपासणी आहे आणि मी ती सगळ्यांत वर ठेवतो. आदल्या दिवशी गाडी चांगली तापेपर्यंत चालवा. रात्रभर साइड स्टँडवर नव्हे, स्टूलवर सरळ उभी ठेवा. सकाळी एकही किक न मारता प्लग खोला. तो कोरडा, तपकिरी असेल तर छान. ओला असेल तर बोट लावून तळहातावर टिपा. पेट्रोल असेल तर वास ओळखीचा, आणि अर्ध्या मिनिटात उडून जाऊन हात गार लागतो. कूलंट उडत नाही. चिकट राहतं, वास गोडसर येतो. आणखी एक खूण: सिलिंडरमध्ये कूलंट जात असेल तर प्लगचं टोक वाफेने धुतल्यासारखं अनैसर्गिक स्वच्छ दिसतं. चाखून मात्र कधीही पाहू नका, इथिलीन ग्लायकॉल विष आहे.

माझ्या तळहातावरचा डाग चहा पिऊन होईपर्यंत तसाच होता.

इथे एक धोका आहे. प्लगच्या भोकातून टॉर्च मारल्यावर पिस्टनवर पाणी साचलेलं दिसलं तर प्लग परत लावून किक मारू नका. द्रव दाबला जात नाही. बसलेल्या पाण्यावर जोरात किक किंवा धक्का बसला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढलेलाच ठेवून, तोंड बाजूला करून, हळूहळू किक फिरवून ते बाहेर काढा.

करंट आणि पेट्रोल

कूलंट सापडलं तरी बाकीचं तपासायचं सोडू नका. माझ्या गाडीत दोन कारणं एकमेकांच्या आड लपली होती, आणि तुमच्याही असू शकतात.

करंटची तपासणी (प्लग काढून हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला टेकवायचा, किक मारायची, ठिणगी पाहायची) सगळ्यांना येते. एकच सांगणं: प्लग हेडला टेकवताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, भोकातून पेट्रोलचा फवारा येतो. ठिणगी नसेल तर कॉइल घ्यायच्या आधी किल स्विचची वायर काढून पाहा. पावसात चिखल आणि पाण्याने तो स्विच आतल्या आत अर्थ (शॉर्ट) होतो. ठिणगी थंडीत चांगली आणि गरम झाल्यावर गायब होत असेल तर संशय स्टेटरवर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) घ्या. माझ्या गाडीचं उलट होतं, गरम असताना ती उत्तम सुरू व्हायची. म्हणजे कॉइल बदलण्याआधीच पाच मिनिटं विचार केला असता तर ते पैसे वाचले असते.

पेट्रोलबाबत आजचं वास्तव इथेनॉलचं आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर पोचली, २०२५ मध्ये वीसवर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या डर्ट बाइकच्या फ्लोट बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) तळाशी पांढरट-हिरवट थर जमलेला मी स्वतः खरवडला आहे. पायलट जेटचं (मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी) भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, तेवढा थर त्याला पुरतो. खूण अशी की गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक बंद केला की लगेच मरते. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर बाऊलचा ड्रेन बोल्ट सैल करून पेट्रोल काढून टाका. या एका सवयीने आमच्या गटातल्या निम्म्या तक्रारी संपल्या.

किक मारायची पद्धतही सांगतो, कारण या इंजिनांना एक्सिलरेटर पंप असतो. प्रत्येक वेळी मूठ पिळली की तो पेट्रोलची पिचकारी मारतो. थंड गाडीला चोक ओढून दोन पिळे पुरे, मग मूठ पूर्ण बंद ठेवून किक. मूठ फिरवत किक मारणारा माणूस स्वतःच गाडी ओव्हर करत असतो, म्हणजे पेट्रोलने गुदमरवत असतो. ओव्हर झालीच तर किल स्विच दाबून, मूठ पूर्ण उघडी धरून आठ-दहा किका मारा, आतलं पेट्रोल बाहेर जातं. मग चोक बंद, मूठ बंद, आणि वरचा दाब पायाला लागेपर्यंत हळू आणून एक पूर्ण, लांब किक.

धक्क्याने सुरू, किकेने नाही: हे व्हॉल्व्ह बोलतात

या गाड्यांच्या दुखण्यातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यावर मी जरा थांबणार आहे.

किकेने इंजिन हळू फिरतं. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नसेल तर पिस्टन वर येईपर्यंत दाबलेलं मिश्रण त्या फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो. धक्का मारून दुसरा गिअर सोडला की इंजिन कितीतरी वेगाने फिरतं, निसटायला वेळ मिळत नाही, दाब तयार होतो आणि गाडी पेटते. म्हणून करंट आणि पेट्रोल ठीक असताना गाडी फक्त धक्क्याने सुरू होत असेल, तर कार्ब्युरेटर पुन्हा खोलायच्या आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा कॅम यांच्यातली फट, मोजा.

आपल्या रोजच्या गाडीत टॅपेट सैल होतात, टकटक आवाज येतो, आपण घट्ट करून घेतो. इथे उलटं घडतं. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर पातळ कठीण थर असतो. फिल्टर चुकवून आलेली धूळ तो थर घासून काढते, मग खालचा धातू झिजतो आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये आत आत बसत जातो. जितका आत जाईल तितकं वरचं क्लिअरन्स कमी होतं. शेवटी शून्य होतं आणि कॅमच व्हॉल्व्हला किंचित उघडा धरून ठेवतो. आवाज काहीही येत नाही, उलट इंजिन जास्त शांत वाटतं. यामुळेच चांगले चांगले फिटर फसतात.

थंडीत जास्त त्रास का? हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि तापल्यावर ते टायटॅनियमच्या जवळजवळ अडीचपट फुगतं. इंजिन तापलं की इनटेक (मिश्रण आत घेणाऱ्या) बाजूला सीट आणि कॅममधलं अंतर व्हॉल्व्हपेक्षा जास्त वाढतं, थोडी जागा मोकळी होते, व्हॉल्व्ह बसतो. थंड झालं की पुन्हा अडकतो. माझी गाडी दिवसभर एका किकेत का चालायची याचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

मोजणी पूर्ण थंड इंजिनवर करायची, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून. माझ्या मॅन्युअलमध्ये इनटेकला ०.१० ते ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२ मिमी आहे. सीआरएफ २५० आरचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे स्वतःच्या गाडीचंच मॅन्युअल पाहा. माझे दोन्ही एक्झॉस्ट ठीक निघाले. तीन इनटेकपैकी कडेचे दोन ०.०७ आणि ०.०५, आणि मधल्यात सगळ्यांत पातळ फीलरही (फट मोजायची पत्ती) जाईना.

ही फट शिमने, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या बारीक चकतीने, जुळवतात. शिमचा हिशोब सोपा आहे. क्लिअरन्स जेवढं वाढवायचं, तेवढी शिम पातळ घ्यायची. कडेच्या व्हॉल्व्हवर १.८५ मिमीची शिम होती आणि क्लिअरन्स ०.०५. शिमा ०.०५ च्या टप्प्यात मिळतात. १.८० टाकली तर क्लिअरन्स ०.१० होतं, १.७५ टाकली तर ०.१५. दोन्ही मापात बसतात. मी १.७५ टाकली, कारण इनटेक पुढे कमीच होत जाणार आहे, वाढणार नाही. मधल्याचं क्लिअरन्स शून्य होतं, म्हणजे ते शून्याच्या किती खाली आहे ते कळत नाही. तिथे आधी बरीच पातळ शिम तात्पुरती घालून मोजलं, मग खरी ठरवली.

कॅम काढताना टायमिंग चेनला तार बांधून ठेवा आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबा. शिम छोट्या बटणाएवढी असते. बकेटला (व्हॉल्व्हवरची टोपी) तेलाने चिकटून वर येते आणि नेमकी तिथे पडते. ती क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) गेली तर साइड कव्हर खोलावं लागतं. माझी नाही गेली, कारण आमच्यातल्या एकाची आधी गेली होती.

शिम हा मात्र इलाज नाही, मुदतवाढ आहे. एकदा शिम बदलल्यावर पुढच्या चार-पाच तासांत क्लिअरन्स पुन्हा घसरलं तर व्हॉल्व्ह संपले, नवेच टाका. आपल्याकडे लॅपिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह बसवून देणारे खूप आहेत. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हला ते करू देऊ नका. जो थर वाचवायचा, तोच पेस्टने निघून जातो. बाजारात स्टीलचे व्हॉल्व्ह कडक स्प्रिंगांसह मिळतात. सरावापुरती गाडी चालवणाऱ्याला ते परवडतात, पण व्हॉल्व्ह स्टीलचे आणि स्प्रिंग जुन्या असं मिसळून चालत नाही, कारण स्टील जड असतं.

कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका. या इंजिनांत किक हलकी करणारी ऑटो-डिकॉम्प्रेशन असते, ती आकडा खाली आणते. हवा भरून गळती मोजणारी लीक-डाउन टेस्ट जास्त खरं सांगते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंग. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडरमधलं सील.

शिमा टाकल्यावर चाळीस किकांच्या सहा-सात झाल्या. मला आनंद झाला आणि त्याच आनंदात मी थांबलो असतो. पण सकाळचा प्लग अजूनही चिकट ओला निघत होता.

कूलंट जातं कुठे

मोटोक्रॉस गाडीला पंखा नाही, थर्मोस्टॅट नाही, बहुतेकींना ओव्हरफ्लोची बाटलीही नाही. हवा लागली तरच ती थंड राहते. चिखलात फसून पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहिलं की दाब वाढतो, साधारण १.१ बारला रेडिएटरचं झाकण उघडतं आणि कूलंट नळीने खाली जमिनीवर जातं. याला गळती म्हणता येत नाही, झाकण आपलं काम करतंय. म्हणून पहिली पायरी: त्या नळीच्या तोंडाला एक छोटी प्लास्टिकची बाटली बांधा आणि एक दिवस चालवा. जेवढं रेडिएटरमधून कमी झालं तेवढंच बाटलीत सापडलं आणि तुम्ही दिवसभर चिखलात होतात, तर झाकणाचं रबर तपासा, जाळी धुवा. तेवढं पुरे. कमी झालं अर्धा कप आणि बाटलीत दोनच चमचे, तर बाकीचं दुसरीकडे जातंय. माझं असंच निघालं.

मग वॉटर पंप. पंपाच्या कव्हरखाली एक बारीक भोक असतं, वीप होल. आत एका शाफ्टवर दोन सील असतात, एक पाणी अडवणारं, एक तेल अडवणारं, आणि हे भोक त्यांच्या मधल्या जागेत उघडतं. तिथून कूलंट थेंबलं तर पाण्याचं सील गेलं. तेल आलं तर तेलाचं. हे भोक बुजवणारी माणसं मी पाहिली आहेत. बुजवलं की पाण्याला इंजिनच्या तेलात जायचा रस्ता मोकळा होतो आणि तेल दुधी चहासारखं होतं. सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवून पाहा. नख अडकेल एवढी खाच असेल तर शाफ्टही बदला, नाहीतर नवं सील चार रविवारसुद्धा टिकणार नाही. बेअरिंग हलतं का तेही त्याच वेळी पाहा, हलणारा शाफ्ट कोणतंही सील खातो.

होजचे क्लिप आणि ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर डोळ्यांनी दिसतात. पडल्यावर रेडिएटरच्या टाकीचा जोड तडकतो, तो कधीकधी फक्त दाबाखाली उघडतो. तो आर्गॉन वेल्डिंगने जोडून घ्या, इपॉक्सीची पुट्टी गरम-थंड होण्यात सुटते.

दिसत नसेल तर दाब द्या. गाड्यांच्या रेडिएटरवाल्यांकडे हाताचा प्रेशर टेस्टर असतो. फक्त लहान तोंडाचा ॲडॅप्टर लागतो. थंड गाडीत कूलंट काठोकाठ भरून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारायचा, त्याच्या वर नाही. माझ्याकडे काटा वीस मिनिटांत १.१ वरून ०.८ वर आला. बाहेर सगळं कोरडं, वीप होल कोरडं, तेल स्वच्छ. मग रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी प्लग काढला, हळू किक फिरवली आणि भोकातून हिरवट तुषार उडाला.

हेड गास्केट.

तुमच्याकडे टेस्टर नसेल तर झाकण काढून, थंड इंजिन सुरू करून पाण्याकडे पाहा. पहिल्या एक-दोन मिनिटांत अडकलेली हवा बुडबुडे काढतेच, त्यावरून घाबरू नका. बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील आणि मूठ पिळली की वाढत असतील, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. हे थंड इंजिनवरच सुरू करायचं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सुटताच ते उकळून अंगावर येतं. आमच्यातल्या एकाच्या दंडावर त्याची खूण आहे.

आता दोन्ही तक्रारी एका जागी आल्या. गाडी बंद केल्यावर सिस्टिममध्ये दाब काही वेळ तरी राहतो. त्या दाबाने गास्केटच्या सूक्ष्म फटीतून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपायचं, रात्रभर प्लगवर आणि पिस्टनवर बसायचं. सकाळी कमी कॉम्प्रेशन आणि ओला प्लग एकत्र यायचे. धक्का दिला की तेवढं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जायचं, म्हणून फरशी कोरडी. सुरू होताना येणारा पांढरा धूर मी सकाळच्या गारव्याचा समजत होतो.

हेड खाली उतरवल्यावर

हेडवर काकांनी स्ट्रेट-एज ठेवला आणि फीलर सरकवला. मॅन्युअलची मर्यादा ०.०५ मिमी, माझं हेड एक्झॉस्टच्या बाजूला ०.०९ ने वाकलेलं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आदल्या पावसाळ्यात लाल चिखल रेडिएटरच्या जाळीत सुकून विटेसारखा झाला होता आणि मी तो पुढून पाइपने धुतला होता, म्हणजे आणखी आत ढकलला होता. आता मी मागून, इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुतो, आणि सुकायच्या आधी धुतो.

हेड मिलिंगवर टाकून सरळ करून मिळतं, पण धातू जास्त गेला तर कॉम्प्रेशन वाढतं आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर कमी होतं. आम्ही सरफेस प्लेटवर चारशे नंबरचा वॉटर पेपर ठेवून, हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत, दर काही फेऱ्यांनी दिशा बदलत घासलं. दीड तास लागला. घाईच्या माणसाचं हे काम नाही. सिलिंडरचा वरचा पृष्ठभागही तपासला, तो सरळ होता. गास्केट नवं, कितीही चांगलं दिसलं तरी जुनं परत नाही. बोल्टचे आटे साफ करून, तेल लावून, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळले. हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा गळतं. आधीच्या मालकाकडे तसंच झालं असावं असं मला बोल्टच्या डोक्यांवरून वाटतं.

कूलंट नवं भरलं, निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, सिलिकेट नसलेलं, कारण सिलिकेट पंपाच्या सीलला घासतं. बोअरचं पाणी घालू नका, त्याचा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत कायमचा बसतो. भरताना पुढचं चाक विटांवर चढवून होज हाताने दाबत राहा, अडकलेली हवा गुडगुड करत वर येते. जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात, आणि थोड्याशानेही मरतात. मी ते बाटलीत भरून गॅरेजमध्ये देतो.

एअर फिल्टर आता प्रत्येक वेळी माळावरून आल्यावर धुतो, फोमचं तेल हातमोज्याने चोळून सगळीकडे एकसारखं लावतो, काठाला ग्रीस लावून बसवतो. फिल्टरच्या मागच्या नळीत पांढरं फडकं फिरवतो. त्यावर लाल डाग आला तर काठ नीट बसला नाही असं समजतो आणि परत काढतो.

काम झाल्यावर पहिल्या सकाळी प्लग कोरडा होता, गाडी दुसऱ्या किकेत सुरू झाली. तासांचा मीटर बसवला आहे आणि वहीत नोंद ठेवतो. कूलंटची पातळी अकरा तास जिथल्या तिथे आहे. कडेचे दोन इनटेक ०.१२ आणि ०.१५ वर टिकून आहेत. मधला ०.१३ वरून ०.०९ वर आला आहे, त्यामुळे त्याला दुसरी शिम घालणार नाही. तिन्ही इनटेक व्हॉल्व्ह मागवले आहेत. ते येईपर्यंत गाडी स्टूलवर, प्लग काढून, भोकावर स्वच्छ फडकं घालून ठेवली आहे.